दादाचा उजवा खांदा

आम्ही तिघं भावंडं नाटकाच्या जिवावर जेवतो, पण आमच्यापैकी कुणी कधी रंगमंचावर तोंड दाखवलेलं नाही. दादा पडदे रंगवायचा. राजवाडा म्हणा, जंगल म्हणा, श्रीमंताचा दिवाणखाना म्हणा, मागाल ते. धाकटा ते पडदे दोरांनी वर ओढतो आणि खाली सोडतो. मी मधली. मी तिकीट खिडकीत बसते आणि पुढची रांग मागणाऱ्यांना मागची रांग कशी चांगली ते पटवते. दादाची बायको लवकर गेली, मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, म्हणून आम्ही दोघं एका घरात. धाकट्याचा संसार दोन गल्ल्या पलीकडे.

दोघा भावांचं काही वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. कारण ऐकाल तर हसाल. एका प्रयोगात दिवाणखान्यातलं भांडण ऐन रंगात आलेलं असताना धाकट्यानं चुकीचा दोर सोडला आणि मागे जंगल उतरलं. नायिका म्हणाली, "या घरात मी आता क्षणभरही थांबणार नाही," आणि प्रेक्षक खुर्च्यांवर लोळले. प्रयोग संपल्यावर दादानं सगळ्या मंडळींसमोर त्याला सुनावलं, "बाबांनी जन्मभर हेच दोर ओढले. त्यांच्या हातून असं कधी झालं नाही." बाप मध्ये आणला की भांडण मिटत नाही. त्यानंतर दोघांच्यात दोनच शब्द उरले. नवा पडदा टांगताना दादा खालून म्हणायचा, "वर," नाहीतर "खाली." धाकटा तेवढं करायचा आणि निघून जायचा. मध्यस्थी करून करून मी थकले. दोघंही एकाच मातीचे, मोडतील पण वाकणार नाहीत.

मग दादाला झटका आला. रंगाच्या शेडमध्ये तो एका पडद्यावर आभाळ भरत होता. ब्रश हातातून गळला, तो उचलायला वाकला आणि त्याला उठता येईना. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. दवाखान्यात पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन चालण्याइतका. बोलणंही आलं, सावकाश, एकेक शब्द शोधत. हात मात्र आला नाही. खांद्यापासून नुसता लोंबत राहिला.

डॉक्टरांनी घरी सोडताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "या आजारात रडू पटकन येतं. कारण नसतानाही येतं. तुम्ही मनावर घेऊ नका." ते खरंच होतं. दादा साबणाची जाहिरात बघून रडायचा. दूध उतू गेलं तरी रडायचा. आधी मी हातातलं टाकून धावायची, मग सवय झाली. मी रुमाल त्याच्या मांडीवर टाकायची आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायची. कधी चिडवायचीही, "लागला नळ वाहायला." तोही रडता रडता हसायचा.

दवाखान्यातून आठवड्यातून एकदा दुपारी एक मुलगी यायची. अंगानं काडी, खांद्याला तिच्याहून मोठी पिशवी. ती थेरपीवाली. पिशवीत मोठमोठी यंत्रं असतील असं मला वाटलं होतं. तिनं काढला एक टॉवेल. तो टेबलावर पसरायचा, त्यावर दादाचा उजवा हात ठेवायचा आणि टॉवेल पुढे सरकवायचा. परत मागे घ्यायचा. पुन्हा पुढे. शंभरदा. मी तोंडावर बोलले तिला, "टेबल तर मीही पुसते रोज."

ती रागावली नाही. म्हणाली, "मावशी, हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. असल्या शेकडो पेशंटांना वेगवेगळ्या गटांत घालून, एकाला एक तऱ्हा, दुसऱ्याला दुसरी, असं करून बघितलंय. जे टिकलं तेच आम्ही करतो." मग दादाला विचारलं, "काका, तुम्हाला हातानं काय करायचंय?" दादा म्हणाला, "ब्रश." ती म्हणाली, "मग ब्रशच. चेंडू दाबून ब्रश धरता येत नाही. जे करायचंय त्याचीच सवय करायची." तिनं एका जुन्या ब्रशाच्या दांड्याला फडकं गुंडाळून तो जाड केला. आणि जाताना दारात मला बजावलं, "एक लक्षात ठेवा. हा हात कुणी ओढायचा नाही. काखेत हात घालून त्यांना उठवायचं नाही."

मी कधीच ओढला नाही. देवाशपथ सांगते, त्याला शर्ट घालतानासुद्धा मी आधी लुळ्या हाताची बाही चढवायची, तिनं शिकवल्यासारखी.

आणि टेबल पुसून खरंच फरक पडायला लागला. एक दिवस अंगठा हलला. मग बोटं जवळ येऊ लागली. मग त्यानं तो जाड ब्रश क्षणभर धरला आणि पाण्यात बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर एक रेघ ओढली. वेडीवाकडी, पण रेघ. दादाला उजव्या हातात ब्रश परत हवा होता, बाकी काही नको होतं, असं तेव्हा मी समजत होते. थेरपीवाली म्हणाली, "हे पहिले महिने मोलाचे असतात. आता थांबायचं नाही."

त्याच सुमारास धाकटा आला. दवाखान्यात येऊन दारातूनच परत गेलेला माणूस, तो एका सकाळी खांद्यावर शिडी घेऊन घरात शिरला. माझ्याशी नाही, दादाशी नाही, सरळ छताशी बोलायला लागला. इथे तुळई आहे का, इथे हूक धरेल का. मी म्हटलं, "आधी चपला काढ." त्यानं काढल्या.

धाकटा काही वर्षांपूर्वी नाट्यगृहाच्या माळ्यावरून पडला होता. खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि नंतर त्याला कप्पीचा व्यायाम दिला होता. वर कप्पी, तिच्यावरून दोर, दोराच्या एका टोकाला चांगला हात, दुसऱ्याला दुखरा. चांगल्यानं खाली ओढायचं की दुखरा वर जातो. त्याचा खांदा तसाच बरा झाला. त्यानं माझ्यासमोर हात गरागरा फिरवून दाखवला. "हा बघ पुरावा. टॉवेलबाईला सांग, पुस म्हणावं टेबल."

कप्पी त्यानं कामावरून निवडून आणली होती, तेल दिलेली, जरासुद्धा कुरकुरणार नाही अशी. दोर मऊ. दादाची बोटं दोराच्या मुठीला बांधायला मखमली पडद्याची पट्टी, म्हणजे टोचणार नाही. त्याच्या हाताला काय काम येतं ते मला त्या दिवशी कळलं. मला थेरपीवालीचे शब्द आठवले नाहीत असं नाही. पण ती म्हणाली होती कुणी ओढायचा नाही. इथे तर दादा आपलाच हात आपणच ओढणार होता. त्यात कसली चूक, असं मला वाटलं.

दादानं डावा हात खाली घेतला आणि उजवा वर गेला. छातीशी, मग डोळ्यांशी, मग डोक्याच्याही वर. इतके दिवस लोंबणारा तो हात असा वर गेलेला पाहून माझ्या अंगावर काटा आला. दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. धाकटा म्हणाला, "बघ, कसा खूश झालाय." मी रुमाल दिला.

मग तो रोज सकाळी येऊ लागला. कामावर जायच्या आधी. धाकटा शिडीवर चढून दोर सोडायचा, मूठ बांधायचा आणि समोर स्टुलावर बसून म्हणायचा, "वर... खाली." तेच दोन शब्द, इतकी वर्षं कानाला टोचणारे, आता इतक्या मायेनं म्हटलेले. मधे मधे नाट्यगृहातल्या गप्पा. कोण वाक्य विसरला, कुणाच्या मिशा प्रयोगात निम्म्या निघाल्या, मॅनेजर कुणावर ओरडला. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. दादा हसायचा. त्या घरात दोघांचं हसणं एकदम मी कधी ऐकलं होतं ते मला आठवेना.

जाताना धाकटा दोर गुंडाळून पार छताशी नेऊन अडकवून ठेवायचा. त्यात लपवालपवी नव्हती. त्याच्या धंद्यात प्रयोग संपला की एकही दोर नजरेला पडता कामा नये, बाबांनी दोघांना हेच शिकवलं होतं. हाताची सवय. पण त्यामुळे दुपारी येणाऱ्या थेरपीवालीला कप्पी कधी दिसलीच नाही. ती टेबलाकडे बघायची, छताकडे कोण बघतो. मीही बोलले नाही. तिच्या टॉवेलनं जे झालं नाही ते आमच्या धाकट्यानं करून दाखवलं, हे ऐकून पोरीला वाईट वाटेल असं मला वाटायचं. पाहा माझं शहाणपण.

हळूहळू दादाचा टॉवेल पुढे जाईना. आधी टेबलाच्या कडेपर्यंत जायचा, मग मध्यापर्यंत, मग तो टेबलाशी बसायलाच टाळू लागला. "थकलो," म्हणायचा. ब्रश तर बाजूलाच पडला. हाताचा पंजा सुजला. तो बसल्या बसल्या झोपू लागला, आडवं व्हायला नको म्हणायचा. शर्ट घालताना डोळ्यांत पाणी. मी रुमाल द्यायची.

थेरपीवाली चक्रावली. व्यायाम कमी केले, बदलले, उशी दिली. शेवटी एका दुपारी तिनं दोन बोटं दादाच्या खांद्याच्या टोकावर ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. तिचा चेहरा बदलला.

"मावशी, हा हात कोण ओढतं?"

"कुणीही नाही. त्याचा तोच ओढतो," मी म्हटलं आणि वर बोट दाखवलं.

ती छताकडे बघत राहिली. हूक, कप्पी, नीट गुंडाळलेला दोर. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि मला समजावू लागली, लहान मुलाला समजवावं तसं. धाकट्याचा खांदा आखडला होता, पण त्याचे स्नायू जागे होते, त्यांनी सांधा धरून ठेवला होता. दादाचे स्नायू झोपलेले. सांधा कुणीच धरलेला नाही. तशात हात दोरानं डोक्याच्या वर नेला की आतलं सगळं घासतं, चिरडतं. "एकाला दिलेलं औषध दुसऱ्याला विष झालं," ती म्हणाली. "हे पूर्वी आमचेही लोक करायचे, सर्रास. मग गट करून मोजलं, तेव्हा कळलं की कप्पीवाल्यांचे खांदे कितीतरी जास्त दुखतात. म्हणून बंद केलं." मग ती दादाकडे वळली. "काका, पहिल्या दिवसापासून दुखत असणार. बोलला का नाहीत?"

दादा डाव्या हातानं टॉवेलची घडी घालू लागला.

ती गेल्यावर माझा ताबा सुटला. मी खूप बोलले. तोंडाला कुलूप घातलं होतं का, हात तुझा की परक्याचा, ब्रश धरायला लागला होतास, स्वतःच्या हातानं स्वतःचा हात घालवलास. दादानं सगळं ऐकून घेतलं. मग एकेक शब्द शोधत म्हणाला, "तो... येत होता ना."

धाकट्याला मी ओळखते. त्याला नुसतं बसता येत नाही. आजाऱ्यापाशी बसून कसं वाटतंय विचारणं त्याला जन्मात जमणार नाही. त्याच्या हाताला दोर हवा, तरच तो त्या खोलीत थांबणार. हे दादालाही माहीत होतं. कप्पी बंद म्हटलं की सकाळ बंद. म्हणून हा माणूस रोज मूठ पुढे करत राहिला.

दुसऱ्या सकाळी धाकटा आला, शिडीवर चढला, दोर सोडला. आणि दादानं, सगळं कळलेल्या दादानं, डाव्या हातानं उजवा हात उचलून बांधायला पुढे केला. मी मधे जाऊन उभी राहिले. "बांधू नकोस," म्हटलं आणि थेरपीवाली जे बोलली ते सांगितलं.

धाकटा आधी हसला. हात गरागरा फिरवून दाखवला. "मग हा कशानं बरा झाला? टॉवेलनं?" मी म्हटलं, तुझं वेगळं होतं. "सांधा तो सांधा," तो म्हणाला. मग दादाकडे वळला. "दादा, तुला दुखत होतं?"

"नाही," दादा म्हणाला.

धाकट्यानं थेरपीवालीसारखीच दोन बोटं त्याच्या खांद्यावर ठेवली, अगदी हलके. दादाचा चेहरा पिळवटला. डोळे भरले. धाकटा त्या डोळ्यांकडे बघत उभा राहिला. आणि तेव्हा त्याला काय कळलं ते मला त्याच्या तोंडावर दिसलं, कारण मलाही ते आदल्या दुपारीच कळलं होतं.

"मला वाटलं आनंदानं रडतोय," तो म्हणाला. "रोज. मला वाटलं, हात वर गेला म्हणून."

तो शिडीवर चढला, कप्पी काढली, हूक काढला, भोक बुजवलं. खाली पडलेला चुना स्वतः झाडून घेतला. शिडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. दादा सकाळी खुर्ची दाराकडे तोंड करून मांडून घ्यायचा.

मधे धाकटा दवाखान्यात जाऊन थेरपीवालीला गाठून आला होता. हे तिनंच मला सांगितलं. त्यानं विचारलं होतं, "माझ्यामुळेच झालं का?" ती पोर खोटं बोलणारी नव्हती, आणि निर्दयही नव्हती. तिनं सांगितलं, कप्पी नसतानाही काहींचे खांदे दुखतात, शंभर जणांबद्दल सांगता येतं, एका माणसाबद्दल खात्रीनं सांगता येत नाही. तो म्हणाला, "मला शंभर काय करायचेत? मला एकच भाऊ आहे." आणि उठून गेला.

तिनं मलाही जे सांगायचं ते सांगितलं. दुखणं कमी करता येईल, सूज उतरेल. पण मोलाचे महिने दुखण्यात गेले. ब्रशाचं काही तिला आता सांगता येत नव्हतं. "सांगता येत नाही," एवढंच म्हणाली, आणि पिशवी आवरताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी काय ते समजले.

मग मी नाट्यगृहात गेले, खिडकी उघडायच्या आधी. गुडघे दुखत असताना तो लोखंडी जिना चढून माळ्यावर गेले. धाकटा दोरांमध्ये बसला होता, कप्प्यांना तेल देत. मला बघून त्यानं हात थांबवला नाही.

"घरी का येत नाहीस?"

"येऊन काय करू?"

"काही करू नकोस. बस."

"मला बघवत नाही त्याच्याकडे."

"मग टेबलाकडे बघ," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, खाली कुणीतरी झाडू थांबवून वर बघायला लागलं होतं. "तुझ्या येण्यासाठी त्यानं खांदा दिला, कळतंय का तुला? सकाळी दोन घटका तू समोर बसावंस म्हणून. हात गेला तो गेला. आता तूही आला नाहीस तर त्यानं ते सगळं सोसलं कशासाठी?"

त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या हातातून तेलाची बुधली निसटून फळ्यांवर कलंडली आणि त्यानं ती उचललीही नाही. मी तशीच खाली उतरले आणि खिडकीत जाऊन बसले. त्या दिवशी कुणालाही मागची रांग पटवता आली नाही मला.

तो आला तो थेरपीवालीच्या दुपारी. चपला काढून आला, हात मोकळे. तिनं त्याला दादाशेजारी बसवलं आणि त्याचा पंजा दादाच्या कोपराखाली ठेवला. "ओढायचं नाही, ढकलायचं नाही. नुसतं वजन घ्यायचं. ते सरकवतील तेवढंच तुम्ही सरकायचं." जन्मभर ओढणाऱ्या माणसाला हे शिकायला किती कठीण गेलं ते मी बघत होते. त्याच्या मनगटाच्या शिरा फुगायच्या, ती म्हणायची, सैल सोडा, आणि तो पुन्हा सुरुवात करायचा. वर नाही, खाली नाही, काही बोलायचंही नाही. टॉवेल चार बोटं पुढे गेला. आणखी बोटभर. दादाचे डोळे भरून आले.

माझा हात सवयीनं रुमालाकडे गेला. धाकटा गोठून बसला.

"दादा, दुखतंय?"

दादानं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं आता हा परत नाही म्हणणार, आणि म्हणाला असता तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

"दुखतंय," दादा म्हणाला.

धाकट्यानं हात सैल केला. काढला नाही. पहिल्याच सकाळी म्हणायला हवा होता तो शब्द दादा आता म्हणत होता, सगळं होऊन गेल्यावर, आणि माझ्या तोंडावर आलं होतं की आता सांगून काय उपयोग. पण धाकटा खाली वाकून त्याला विचारत होता, "कुठे दुखतंय ते मला दाखव," आणि दादा डाव्या हाताच्या बोटानं त्याला दाखवत होता, इथे, मग इथून मागे, मग इथे खाली दंडापर्यंत.